आघात नेमका कुठे? इटालियन क्रियापदांविषयी वाचकांचे प्रश्न

(ज्या अक्षरावर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, आहे त्यापुढे ऽ हे चिन्ह दिलं आहे.)

प्रश्न : 'राहणे' म्हणजे आबिताऽरे. मग 'ते राहतात' हे आबिताऽनो का होत नाही?

उत्तर : वर्तमानकाळात मी, तू, तो आणि ते या चार रूपांत आघात धातूवर असतो. 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांतच तो प्रत्ययावर सरकतो. आऽबितो, आऽबिति, आऽबिता. मग आबित्याऽमो, आबिताऽते. आणि पुन्हा आऽबितानो. 'तो'च्या रूपाला 'नो' जोडला तरी आघात जागचा हलत नाही, त्यामुळे तो शेवटून चौथ्या अक्षरावर पडतो. जीभ अडखळते ती इथेच. म्हणून ही दोन रूपं जोडीनेच पाठ करा : तेलेऽफोना (तो फोन करतो), तेलेऽफोनानो (ते फोन करतात).

मूळ रूपावरून धातूतल्या आघाताची जागा कळत नाही. नव्या क्रियापदाचं 'मी'चं रूप शब्दकोशात बघावंच लागतं. क्रियापद नामापासून आलेलं असेल तर नाम बहुधा वाट दाखवतं : नूऽमेरो म्हणजे आकडा, आणि 'मी क्रमांक देतो' हेही नूऽमेरो.

चुकलं तर अर्थच बदलू शकतो. काऽपितानो म्हणजे 'घडतात', कापिताऽनो म्हणजे 'कप्तान' आणि कापितानोऽ म्हणजे 'त्याने नेतृत्व केलं'. लिहिताना आघातचिन्ह फक्त तिसऱ्यावर येतं. पहिले दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे.

प्रश्न : 'एरे'ने संपणाऱ्या क्रियापदांत आघात कुठे?

उत्तर : वेदेऽरे (पाहणे), तेमेऽरे (भिणे) यांत प्रत्ययावर, लेऽज्जेरे (वाचणे), स्क्रीऽवेरे (लिहिणे) यांत धातूवर. ओळखायची सोपी खूण नाही. पहिला गट लहान आहे, तेवढा पाठ करावा.

प्रश्न : ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा?

उत्तर : द्वित्त व्यंजन मधोमध तुटतं : मेत्-ते-रे (ठेवणे). र्, ल्, म्, न् यांच्यापुढे दुसरं व्यंजन आलं तर ते मागच्या अक्षराकडे राहतात : पार्-ला-रे (बोलणे). 'स्' मात्र पुढच्या व्यंजनाला चिकटतो : का-पी-स्को (मला समजतं). 'रस्ता' आपण रस्-ता असा उच्चारतो, त्या सवयीने हात 'कापीस्-को' करून बसतो. देवनागरीत लिहून पाहिलं तर 'स्को' हे जोडाक्षर बरोबर वाट दाखवतं, 'र्ला' मात्र फसवतं.

उपसर्गाने बनलेल्या क्रियापदांत जास्त जपावं. रोऽस्सो (लाल) याला 'आ' लागून 'लाजेने लाल होणे' हे क्रियापद बनतं, तेव्हा 'र' दुप्पट होतो. म्हणून तोड आर्-रोस्-सी-रे अशी, आ-र्रोस्सीरे नव्हे. या क्रियापदाच्या चार रूपांत मध्ये 'ईस्क' घुसतो आणि आघात धातूऐवजी त्याच्यावर जातो : आर्रोस्सीऽस्को, आर्रोस्सीऽस्कोनो.