घासतंय कुठं, ते आधी बघ

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. सोबत पाच फोटो, पाचही फाटलेल्या स्लीव्हचे, म्हणजे होजवर चढवायच्या त्या विणलेल्या खोळीचे, पांढऱ्या टेबलावर ठेवून काढलेले. ज्या होजवरून, तेलाच्या त्या दाबाच्या नळीवरून, ती उतरवली त्याचा एकही नाही आणि ज्या लोखंडाला तो होज टेकत होता त्याचाही नाही. मला राग आला, म्हणून दोन दिवस उत्तर दिलं नाही.

तू विचारतेस, ऊसतोडणी यंत्रावर दिलेली पॉलिएस्टरची जाळीदार स्लीव्ह दीड महिन्यात गेली, आता नायलॉन सुचवू, काचतंतूंची ग्लास की केव्हलारच्या जातीचं अरामिड? साहेब म्हणतात, ग्राहकाच्या तक्रारीवर द्यायच्या एट-डी रिपोर्टात मूळ कारण ‘ग्राहकाकडून चुकीचा वापर’ असं लिहून मोकळी हो. आणि मैत्रीण म्हणते, हे दोऱ्यांचं काम सोड आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर. कोर्सबद्दल मी बोलणार नाही. जायचं असेल तर जा. पण जाण्याआधी एवढं एक नीट करून जा.

घासतंय कुठं, ते आधी बघ.

मटेरियलचा तक्ता तुझ्याकडे आहे, माझ्याकडेही आहे. पॉलिएस्टर अडीचशेच्या थोडं वर वितळतं, सहासष्ट नंबरचं नायलॉनही त्याच सुमारास, सिलिकॉन चढवलेली ग्लास 260 अंशांवर सतत चालते. हे पाठ करायला अर्धा दिवस पुरतो. पण होज नेमका कशाला घासतोय, ते तक्त्याच्या कुठल्या रकान्यात लिहिलंय?

त्या पाच फोटोंतला तिसरा मी मोठा करून पाहिला. फाटलेल्या जागेजवळचे धागे एका अंगानं चपटे झालेत आणि चमकतायत. पाव मिलिमीटरचा गोल मोनोफिलामेंट, म्हणजे एकेरी सलग धागा, असा चपटा होतो तो घासून. उष्णतेनं गेला असता तर टोकांना बारीक मणी धरले असते. कशानं कापला असता तर टोक स्वच्छ दिसलं असतं. उन्हानं गेला असता तर नुसता वाकवल्यावर काटकीसारखा मोडला असता. म्हणजे तुझ्याच फोटोत उत्तराचा निम्मा भाग होता आणि तू मला विचारतेस ग्लास देऊ का! ग्लास उष्णतेला वाघ आणि घासण्याला शेळी. क्लॅम्पपाशी कंप सोसताना तिचे तंतू मोडतात आणि हाताला खाज सुटते ती वेगळीच. अरामिड मजबूत आहे, पण त्याला ऊन सोसत नाही आणि ते यंत्र दिवसभर फडात उभं असतं.

आता वाटेल, काका मटेरियलवरच बोलतायत. तर बोलत नाहीये. चपटा धागा फक्त ‘घासलं’ एवढंच सांगतो. बाहेरून घासलं की आतून, हे तो सांगत नाही. जाळीदार स्लीव्हच्या भोकांतून माती आणि वाळू आत जाते. होजमध्ये दाब आला की तो लांबीत थोडा आखडतो किंवा वाढतो. होजच्या मानकातच अधिक 2 ते उणे 4 टक्क्यांची मुभा आहे. म्हणजे मीटरभर होज प्रत्येक झटक्याला काही मिलिमीटर सरकू शकतो. आत वाळू आणि वर दिवसभर हे सरकणं. म्हणजे आपण होजला अंगरखा घालायला गेलो आणि पॉलिश पेपर गुंडाळून आलो. तसं झालं असेल तर जाड जाळी देऊन काय होणार? तोच पॉलिश पेपर जाड होईल. हा माझा अंदाज आहे आणि पुण्यात बसून केलेल्या अंदाजाला काडीची किंमत नाही. म्हणून म्हणतो, जाऊन बघ.

तुझ्या प्लँटमधलं 48 कॅरियरचं, म्हणजे 48 फिरत्या बॉबिनींचं, स्लीव्ह विणणारं ब्रेडिंग मशीन चालू असताना कधी पाच मिनिटं नुसती उभी राहिलीस का? शिगम्यातला गोफ तू पाहिला असशील. वरून सोडलेल्या रंगीत पट्ट्या धरून निम्मे एका दिशेनं जातात, निम्मे दुसऱ्या, एकमेकांच्या आतून-बाहेरून, आणि वर वेणी पडत जाते. मशीन म्हणजे तोच गोफ, लोखंडाचा. चोवीस बॉबिनी उजवीकडे, चोवीस डावीकडे. आणि गोफ जसा उलटं नाचून सोडवतात, तशीच कात्रीनं कापलेली स्लीव्ह टोकाकडून सुटू लागते. म्हणून ती तापल्या तारेनं कापायची. एका कॅरियरची स्प्रिंग मऊ पडली तर त्याचा एक धागा सैल राहतो, विणीतून वर येतो आणि पहिला तोच घासला जातो. हे डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतं. आमच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली बसला. माझ्या वडिलांचं सगळं आयुष्य अशाच मागांवर गेलं. ते कापडाकडे बघत नसत. तळहात फिरवून सांगायचे, अमुक ठिकाणी ताणा सैल आहे. मी त्यांना हसायचो. डिप्लोमा होता ना माझ्याकडे!

आता माझी गोष्ट. ही मी फारशी कुणाला सांगत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी एका प्रेस शॉपची ऑर्डर आली. पीओवर, म्हणजे खरेदीच्या कागदावर, एवढंच, ‘स्लीव्ह, काळी, 40 मि.मी., 200 मीटर’. मी जाळीदार दिली. दिसायला झकास, चढवायला सोपी, दाबली की फुगते, ओढली की आवळते. ती हायड्रॉलिक प्रेसच्या होजवर गेली. मी एकदाही तिथं गेलो नव्हतो, रस्ता चाळीस मिनिटांचा असूनही. काही महिन्यांनी एका होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. फिटरनं गळती कुठं आहे हे बघायला हात फिरवला. तेल दाबाखाली जाळीच्या भोकातून थेट त्याच्या बोटात शिरलं. बाहेर दिसला फक्त एक लाल ठिपका, काटा टोचल्यासारखा. त्यानं फडक्यानं पुसला आणि पाळी पूर्ण केली. अशा जखमेला काही तासांत शस्त्रक्रिया लागते, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. बोट गेलं.

भेटायला गेलो तेव्हा त्यानं माझ्यासाठी डाव्या हातानं खुर्ची ओढली.

पीओवर दाबाचा उल्लेख नव्हता. जाळीदार स्लीव्ह फवारा अडवते असं मी कुठंही लिहून दिलं नव्हतं. होज कधी बदलायचे हे बघणं त्यांचं काम होतं आणि चालू दाबावर होजवर हात फिरवणं तर कुठल्याच नियमात बसत नाही. हे सगळं खरं आहे आणि आजही मी तेच म्हणेन. पण गेलो असतो तर पाच मिनिटांत कळलं असतं की माणसं तिथून हातभर अंतरावर उभी राहतात. मग जाळी दिलीच नसती. घट्ट विणीची नायलॉनची नळी दिली असती. ती फवाऱ्याचा जोर आतच मोडते आणि तेल टोकाकडून ओघळून जातं. फक्त ती टोकं माणसाच्या दिशेला ठेवायची नाहीत. मीटरमागे थोडेच पैसे जास्त लागले असते.

तेव्हापासून न बघता मी भाव देत नाही. लोक याला माझा हेका म्हणतात. यापायी ऑर्डरी गेल्या, त्यातली एक अशी होती की दोन नवी मशीनं आली असती. मुलगा म्हणतो, ‘बाबा, मीटरमागे सुटतात किती आणि डिझेल जाळता किती?’ त्याचा हिशोब बरोबर आहे. कोटेशनं आता तोच काढतो आणि मला न सांगता काढतो, हेही मला माहीत आहे. तरी मी चुकलो असं मला वाटत नाही. बरं, तो विषय वेगळा.

अरामिडवरून एक आठवलं. 1965 साली ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक या बाईंच्या हाती एक पातळ, गढूळ द्रावण आलं. असलं द्रावण एरवी ओतून टाकलं जायचं आणि ते कातायला मशीनवरचा माणूसही तयार नव्हता. बाईंनी हट्टानं कातून घेतलं आणि त्यातून पुढे केव्हलार आलं. प्रेरणा म्हणून सांगत नाही, प्रेरणेचा मला कंटाळा आहे. त्यांनी ते ओतून टाकायच्या आधी नीट पाहिलं, एवढंच सांगायचंय.

साहेबांच्या रिपोर्टाचं म्हणशील तर ‘चुकीचा वापर’ हे कारण कदाचित खरंही असेल. चढवणाऱ्यानं दोन्ही टोकं करकचून आवळली असतील, होजला सरकायला जागाच ठेवली नसेल. पण ते तू पाहिलेलं नाहीस. तोवर मूळ कारणाचा रकाना कोरा ठेव आणि ‘प्रत्यक्ष पाहणी बाकी’ असं लिहून खाली तारीख घाल. साहेब ओरडतील, ओरडू देत. कुणाच्या नावावर चूक टाकायची तर निदान ती जागा तरी पाहिलेली असावी. घासतंय कुठं, हे न बघता लिहिलेला रिपोर्ट म्हणजे माझा तो पीओच.

गळीत हंगाम चालू आहे, यंत्र फडातच सापडेल. शनिवारी जा. मालकाशी बोलत बसू नकोस, ड्रायव्हरला गाठ. कुठला होज आधी जातो, हे त्याला झोपेतही सांगता येतं. इंजिन बंद करायला लाव, दाब उतरू दे आणि मगच हात लाव. हे विसरलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. बरोबर खडू ने. स्लीव्ह जिथं टेकते तिथल्या लोखंडावर चमक आली असेल, तिथं खूण कर आणि मग फोटो काढ. इंजिनाच्या बाजूला होजवर पाचट साठलंय का तेही बघ. तेल प्यायलेली स्लीव्ह आणि वाळलं पाचट तापल्या भागाजवळ एकत्र असेल, तर घासण्याचं राहू दे, आधी तिथूनच मला फोन कर.

आणि फाटलेल्या जागेचा वीतभर तुकडा कुरियरनं पाठव. धुऊ नकोस, झटकूही नकोस. आत वाळू असली तर ती मला तशीच हवी आहे.

तुझा,
काका

ता. क. बूट घालून जा. मागच्या वेळी चपला होत्या.