व्हेरिएबल आणि फंक्शनना नावं देताना नेमकं काय पाळावं?

पायथनमधून जावास्क्रिप्टकडे येताना अंडरस्कोअर ठेवावा (user_name) की कॅमल केस, म्हणजे शब्द जोडून पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल (userName), वापरावी, आणि एवढ्याशा कारणावरून रिव्ह्यूत कोड परत का येतो, असं तुम्ही विचारलंय.

अंडरस्कोअरचं उत्तर सोपं आहे: ज्या भाषेत लिहिताय तिथली रीत. पायथनमध्ये व्हेरिएबल-फंक्शनना स्मॉल अक्षरं आणि अंडरस्कोअर, क्लासच्या नावात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. २००१ पासून पेप ८ मध्ये, म्हणजे पायथनच्या अधिकृत लेखनशैलीच्या नियमावलीत, हे लिहिलेलंच आहे. जावास्क्रिप्टमध्ये कॅमल केस. लिंटर, म्हणजे रीत मोडली की आपोआप दाखवणारं टूल, लावा आणि विषय संपवा. गो भाषेत तर हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, पहिलं अक्षर कॅपिटल असेल तरच ते नाव पॅकेजबाहेर वापरता येतं.

मला जास्त काळजी वाटते ती अर्थाची. समजा, 'टाइमआउट' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ५ आहे. पायथनचं टाइम.स्लीप तो आकडा सेकंद धरतं, जावास्क्रिप्टचं सेटटाइमआउट मिलिसेकंद. एकीकडे प्रोग्रॅम पाच सेकंद थांबेल, दुसरीकडे थांबल्याचं कळणारही नाही, आणि एरर कुठेच येणार नाही. म्हणून एकक नावातच घाला: 'टाइमआउट_सेकंद'. पैशांच्या बाबतीत तर हे हवंच. रेझरपे या ऑनलाइन पेमेंट सेवेला रक्कम रुपयांत नाही, पैशांत द्यावी लागते, ५०० रुपयांसाठी ५००००. तिथे नुसतं 'अमाउंट' लिहिणं म्हणजे पुढच्या माणसाला अंदाज बांधायला लावणं.

फंक्शनच्या बाबतीत मी याहून कडक आहे. 'गेट_यूजर' वाचणारा समजतो की हे फक्त माहिती आणतं. आत जर यूजर सापडला नाही म्हणून नवा तयार करून डेटाबेसमध्ये टाकला जात असेल, तर तसं नावात आलंच पाहिजे, 'गेट_ऑर_क्रिएट_यूजर'. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कने 'गेट_ऑर_क्रिएट' हाच शब्दप्रयोग ठेवलाय. नाव लांबलं तरी चालेल. उलट तीन ओळींच्या लूपमध्ये 'आय' पुरेसा आहे, तिथे 'करंट_इंडेक्स' लिहून काही साधत नाही.

सुचत नसेल तर तात्पुरतं नाव देऊन पुढे जा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये नावावर एफ२ दाबलं की बहुतेक वेळा सगळीकडे बदलतं. मात्र एपीआयमधून (दुसरे प्रोग्रॅम तुमच्या प्रोग्रॅमशी बोलतात तो मार्ग) जाणाऱ्या डेटातल्या फील्डची आणि डेटाबेसमधल्या कॉलमची नावं ठरवायला आधीच वेळ द्या, कारण ती नावं दुसऱ्यांच्या कोडमध्ये जाऊन बसतात. युनिक्समध्ये फाइल तयार करणाऱ्या 'क्रिएट' (creat) या सिस्टिम कॉलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोग्रॅमना दिलेल्या फंक्शनच्या, स्पेलिंगमध्ये शेवटचा 'ई' नाही, आणि लिनक्समध्येही तो आजतागायत तसाच आहे.