दाखल्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा नाशिकच्या इंदिरानगर भागातील एका खासगी विनाअनुदानित शाळेत सातवीत आहे. शाळा राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकवते. तोंडी विचारले तर तो बहुतेक उत्तरे बरोबर देतो, परंतु वाचताना ओळी गाळतो आणि पेपर कधीच वेळेत पूर्ण करू शकत नाही. एका मानसशास्त्रज्ञांनी तपासणी करून डिस्लेक्सिया (वाचनातील अक्षमता) व डिसग्राफिया (लेखनातील अक्षमता) असल्याचा अहवाल दिला. तो शाळेत देऊन आम्ही परीक्षेत जादा वेळ मागितला. त्यावर मुख्याध्यापकांनी सांगितले की, अशा सवलती फक्त दहावीला आणि त्याही चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र असेल तरच मिळतात. मुलाला याच शाळेत ठेवायचे असेल तर स्वतंत्र शिक्षिकेचा पगार पालकांनी द्यावा, अन्यथा त्याला ‘स्पेशल’ शाळेत घालावे. त्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा छापील अर्जही आमच्यापुढे ठेवला. वर्गशिक्षिका त्याचे गुण सर्वांदेखत वाचून त्याला ‘ढ’ म्हणतात. माझ्या यजमानांना सरकारी प्रमाणपत्र नको आहे. मुलावर जन्मभराचा शिक्का बसेल असे त्यांना वाटते. आम्ही काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, तो छापील अर्ज सही न करता तसाच घरी ठेवावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला फेरपरीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली असली, तरी शाळेतून काढण्यावरील बंदी कायम आहे. शाळांना हे चांगले ठाऊक असते, म्हणूनच त्या मुलाला काढत नाहीत. पालकांकडून ‘स्वेच्छेने’ दाखला मागवून घेतात. एकदा आपली सही झाली की कागदोपत्री शाळेने काहीच केलेले नसते, आणि पुढे कोणत्याही अधिकाऱ्यापुढे आपल्याला आधी स्वतःच्या सहीचे स्पष्टीकरण द्यावे लागते. ‘मुलाच्या प्रगतीची जबाबदारी आमची’ अशा आशयाच्या हमीपत्रालाही हेच लागू आहे. सहीसाठी पुन्हा बोलावले गेल्यास ‘आपली सूचना कृपया लेखी द्यावी’ एवढेच उत्तर द्यावे. माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणे या एका वाक्यापाशी थांबतात, कारण असे पत्र संस्थेच्या लेटरहेडवर द्यायला कोणी तयार नसते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. १९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत मात्र ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ स्पष्टपणे घेतली असून डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया यांची नावे तेथे आहेत. अनुसूचीत ही अक्षमता ‘बौद्धिक अक्षमता’ या शीर्षकाखाली मांडली असली, तरी तिची व्याख्या स्वतंत्रपणे दिली आहे, आणि ‘स्पेशल शाळेत घाला’ या सल्ल्यात हा भेदच लक्षात घेतलेला दिसत नाही. याच २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १६ मध्ये शासनमान्य शाळांनी काय करावे हे सांगताना, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून अध्यापनाचे योग्य उपाय योजणे याचाही समावेश केला आहे. कलम १७ मध्ये परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्यात दहावीपुरतेच असे बंधन कोठेही नाही.

येथे एक कच्चा दुवा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. ही दोन्ही कलमे शाळेला थेट आदेश देत नाहीत. शासन व स्थानिक प्राधिकरण यांच्यावर जबाबदारी टाकतात, आणि कलम १६ ची भाषा तर ‘प्रयत्न करतील’ अशी सौम्य आहे. शाळेच्या वकिलांनी नेमके यावर बोट ठेवले तर आश्चर्य वाटू नये. म्हणून आपला अर्ज केवळ या कलमांवर उभा करू नये. त्याचा पाया कलम ३ आणि कलम २ मधील ‘भेदभाव’ या संज्ञेची व्याख्या हा असावा. त्या व्याख्येनुसार वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीसाठी करायचा आवश्यक व योग्य बदल, नाकारणे हाच भेदभाव ठरतो, आणि तो योग्य उद्दिष्टासाठी आवश्यक तेवढाच होता हे दाखवण्याचा भार नाकारणाऱ्यावर असतो. सातवीच्या घटक चाचणीत अर्धा तास जास्त बसू देण्याने शाळेचे कोणते उद्दिष्ट बुडते, हे समजावून सांगणे कोणत्याही वकिलाला अवघड जाईल.

चाळीस टक्क्यांचा मुद्दाही मुख्याध्यापक समजतात तसा नाही. चाळीस टक्के ही ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’ची मर्यादा आहे, आणि ती आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्णय दिला की, लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला लेखनिक देण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश प्रकरणात, डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेश परीक्षेत जादा वेळ नाकारणे चुकीचे ठरवताना न्यायालयाने हाच फरक पुन्हा स्पष्ट केला. या दोन्ही निकालांच्या प्रती अर्जासोबत जोडाव्यात.

वेगळ्या शिक्षिकेच्या पगाराबाबत मात्र सरधोपट उत्तर देता येत नाही. केंद्राच्या २०१७ च्या नियमांतील नियम ३ नुसार वाजवी सोयीचा खर्च दिव्यांग व्यक्तीवर लादता येत नाही. परंतु दिवसभरासाठी स्वतंत्र शिक्षिका ही प्रत्येक बाबतीत ‘वाजवी’ सोय ठरेलच असे नाही. आपल्या मुलाला तिची गरज आहे असे अहवालात कोठे म्हटले आहे का, ते पाहावे. तसे म्हटले नसेल तर ती शाळेने स्वतःच उभी केलेली अट आहे, आणि आपण मागितलेल्या जादा वेळेला तर काहीच खर्च येत नाही, हे अर्जात ठळकपणे लिहावे.

वर्गात सर्वांदेखत ‘ढ’ म्हणणे हा २००९ च्या अधिनियमाच्या कलम १७ खालील मानसिक छळ आहे आणि त्यासाठी संबंधित शिक्षिकेवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये, लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूदही आहे. तरीही पोलीस ठाण्यात जाण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. अपमानाचा हेतू सिद्ध करणे कठीण असते, आणि साक्षीदार म्हणून आपल्याच मुलाच्या वर्गमित्रांना उभे करावे लागते. तूर्त प्रत्येक प्रसंगाची तारीख, तास आणि उच्चारलेले शब्द एका वहीत लिहून ठेवणे पुरेसे आहे.

आपल्या यजमानांची भीती मी समजू शकतो, पण येथे मी त्यांच्याशी सहमत नाही. खासगी अहवाल शाळांतर्गत सोयी मागण्यासाठी चांगला पुरावा आहे. दहावीच्या वेळी राज्य मंडळाच्या नाशिक विभागीय मंडळाकडे शाळेमार्फत प्रस्ताव जातो, तेव्हा मात्र अधिकृत प्रमाणपत्रच लागते. ते आपल्याजवळ राहते आणि सवलत घ्यायची नसेल तर दाखवण्याची सक्ती नाही. शिवाय त्याला वयाचे गणित आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या प्रकारचे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी करावी लागते. म्हणजे आज घेतलेले प्रमाणपत्र दहावीपर्यंत पुरणार नाही. नववीच्या सुमारास पुन्हा तपासणी करून घ्यावी लागेल, आणि ती आधीच्या नोंदींमुळे सोपी जाईल. पुढे चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदले गेले, तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान पाच टक्के राखीव जागांचा मार्गही मोकळा होतो. तो वापरायचा की नाही हे मुलगा मोठा झाल्यावर स्वतः ठरवील.

प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (संकेतस्थळावर) अर्ज भरून जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, मानसशास्त्रज्ञांचा अहवाल, गुणपत्रके आणि मुलाच्या दोन-तीन वह्या घेऊन जावे. तेथे या चाचण्यांची सोय नाही असे सांगितले गेल्यास, दुसऱ्या अधिकृत रुग्णालयाकडे पाठवत असल्याचे पत्र लेखी मागावे. प्रमाणपत्र नाकारल्यास कारणे लेखी मिळण्याचा व २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करण्याचा आपल्याला हक्क आहे.

शाळेला द्यायचा अर्ज एक पानी आणि सौम्य भाषेत असावा. रागाने लिहिलेली पाच पाने कोणी वाचत नाही. त्यात अहवालाचा संदर्भ, नेमक्या मागण्या (प्रत्येक तासाला वीस मिनिटे जादा वेळ, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणे, शुद्धलेखनाचे गुण न कापणे) आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत असावी. तो कार्यालयात देऊन प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवावा.

मुदतीत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर २००९ च्या अधिनियमाच्या कलम ३२ खाली नाशिक महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करावी आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्यावी. या तक्रारीचा निर्णय दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत व्हायला हवा आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मात्र शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे की नाही हे आपण लिहिलेले नाही. ती तशी असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालामुळे २००९ चा अधिनियम तिला लागू होत नाही, आणि दाखल्याबाबत वर सांगितलेले कलम १६ तसेच कलम १७ चे संरक्षणही त्या मार्गाने मिळत नाही. अशा वेळी सर्व भर २०१६ च्या अधिनियमावर देऊन पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागावी. अल्पसंख्याक दर्जा नसलेल्या शाळेविरुद्धही हा मार्ग खुला आहेच. आयुक्तांना समन्स काढण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने काय केले, हे तीन महिन्यांत कळवावे लागते.

उच्च न्यायालयात रिट याचिका हा शेवटचा मार्ग आहे, आणि वरचे कागद नसतील तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, बालक आणि दिव्यांग व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्ज आपल्या स्वतःच्या नावाने केला तरी चालेल.