वारसा पर्यटनाचा प्रचार कसा केला, तर त्याचा फायदा खरंच स्थानिकांना होईल?

जुन्या वास्तू आणि लोककला असलेल्या भागाची जाहिरात कुठून सुरू करावी, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, जाहिरात सगळ्यात शेवटी करा. गर्दी जमवणं हल्ली सोपं झालंय. एखादी रील चालली की गाड्यांची रांग लागते. पण फोटो काढून दोन तासांत परतणारा माणूस गावात पैशापेक्षा कचराच जास्त टाकून जातो. व्हेनिसला याचा इतका जाच झाला, की २०२४ साली ठरावीक दिवशी नुसते फिरून जाणाऱ्यांना ५ युरो प्रवेशशुल्क लावलं. मुक्कामाला राहणाऱ्यांना ते माफ आहे.

तेव्हा आधी मुक्कामाचं बघा. इटलीत 'अल्बेर्गो दिफ्फुझो' म्हणजे गावभर पसरलेलं हॉटेल ही पद्धत आहे. १९७६च्या भूकंपानंतर फ्रिउली भागात ओस पडलेल्या घरांचं करायचं काय, या विचारातून ती निघाली. नवी इमारत बांधायची नाही. रिकामी घरं दुरुस्त करून त्यांत खोल्या करायच्या आणि चावी द्यायला एकच कचेरी ठेवायची. पाहुणा खोलीतून बाहेर पडला की थेट गल्लीतच येतो, त्यामुळे चहापाण्यापासून खरेदीपर्यंतचा त्याचा खर्च गावातच होतो. शिवाय जुनी घरं पडायची वाचतात, गवंडी-सुतारांना काम मिळतं.

यात एक मेख आहे. घरं कुणाच्या नावावर आहेत? बाहेरच्या गुंतवणूकदाराने ती स्वस्तात उचलली, तर गावकऱ्यांच्या वाट्याला पगारी नोकरीच येते. (तीही नसण्यापेक्षा बरी, हे मान्य.) जपानमध्ये जुन्या गवती छपरांच्या घरांसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराकावा-गो भागात, ओगिमाची गावातल्या लोकांनी १९७१ सालीच आपसात ठरवलं होतं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं ते बऱ्याच नंतर, १९९५ साली. जमिनीचे भाव चढल्यावर असा नियम कुणी मान्य करेल, असं मला वाटत नाही. पुढे तिथेही गर्दी आवरेना, तेव्हा हिवाळ्यातल्या रोषणाईला आगाऊ नोंदणी सक्तीची करावी लागली.

लोककलेबद्दल थोडक्यात: कलाकारांना मानधन ठरवून द्या आणि कार्यक्रम कधी, किती वेळ, हे त्यांनाच ठरवू द्या. तिकिटाच्या पैशातला किती भाग डागडुजीला जाणार, हे लिहून चारचौघांत लावा.

हे जमलं की मग प्रचार, आणि तोही गर्दीच्या सुट्ट्या सोडून, एरवीच्या दिवसांचा करा. त्याआधी रिकाम्या घरांची यादी करायला घ्या: मालक कोण, छप्पर शाबूत आहे का, पाण्याची सोय काय, वारसांमध्ये वाद आहे का. सगळ्यात जास्त वेळ या शेवटच्या रकान्यात जाईल.