नुसतं बसवून ठेवतात म्हणतेस ना?

अगं पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. एमसीएच सीव्हीटीएसची, म्हणजे हृदय-छातीच्या सर्जरीची, सीट सोडायचीय, कारण ओटीत जखम उघडी ठेवायचा रिट्रॅक्टर धरण्यापलीकडे काही मिळत नाही, रात्री पोस्ट-ऑप पेशंटच्या बेडपाशी नुसतं बसवून ठेवतात, आणि तुझ्याबरोबर एमएस झालेली मुलं घोडबंदर रोडला लॅप्रोस्कोपी करून फ्लॅटचे हप्ते भरतायत. सीव्हीटीएसच्या सीट रिकाम्या जातात, स्टेंटवाल्यांनी निम्मं काम नेलं, हे सगळं खरंय, त्यावर वाद घालत नाही. पण 'नुसतं बसवून ठेवतात' हे वाचून डोकं फिरलं माझं. त्यावरच बोलतो.

मी सर्जन नाही, पर्फ्युजनिस्ट. ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमागे आयुष्य गेलं, ओटीत आम्हाला पंपवालेच म्हणायचे. हा पंप आला कुठून ते तुला माहीत नसणार, तुमच्या पुस्तकात तो बनवणाऱ्या गिबनला दोन ओळी मिळतात.

जॉन गिबन. १९३०-३१ चा काळ, बॉस्टनचं मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटल, वय तुझ्यापेक्षा फार नव्हतं. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईच्या फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली. मोठे सर्जन एडवर्ड चर्चिल, आणि गिबनचं काम काय तर शेजारी बसायचं. रात्रभर, दर पंधरा मिनिटांनी बीपी, नाडी, श्वास, लिहून ठेवायचं. बाई निळी पडत चाललेली, शिरा फुगलेल्या, रक्त काळं. सकाळी चर्चिलनी छाती उघडून काही मिनिटांत गुठळ्या काढल्या तरी ती वाचली नाही. पण त्या रात्री बसल्या बसल्या या माणसाच्या डोक्यात आलं की हे काळं रक्त शिरेतून बाहेर काढलं, त्यात ऑक्सिजन घातला आणि परत धमनीत सोडलं तर? म्हणजे हृदय आणि फुप्फुस दोन्हीला थोडा वेळ सुट्टीच की. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी सोड म्हणून सल्ला दिला. एकच माणूस बरोबर उभं राहिलं, लॅबमधली टेक्निशियन मेरी, तिच्याशी लग्नच केलं त्याने. दोघं रस्त्यावरच्या मांजरी गोणीत भरून लॅबमध्ये आणायचे. १९३५ साली एका मांजरीचं रक्त पूर्णपणे मशीनवर चाललं तेव्हा दोघं लॅबमध्ये नाचले.

आणि माणसावर कधी जमलं माहितीये? ६ मे १९५३. फिलाडेल्फिया, अठरा वर्षांची सेसेलिया बाव्होलेक, एएसडी, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुप्फुसं मशीनने सांभाळली. त्या रात्रीपासून वीसहून जास्त वर्षं, मध्ये महायुद्ध, मध्ये आयबीएमच्या इंजिनियर लोकांबरोबर खटपट. आणि तू अकरा महिन्यांत कंटाळलीस.

पुढचे पेशंट गेले त्याचे, लहान मुली होत्या, आणि त्याने स्वतः थांबवलं. मेयो क्लिनिकच्या कर्कलिनने तेच मशीन सुधारून १९५५ मध्ये पहिले आठ पेशंट केले, चार वाचले. काही लोक म्हणतात गिबनने हाय खाल्ली. म्हणू देत. ज्याने आख्खी रात्र मरणाऱ्या माणसाशेजारी बसून काढलीये ना, त्याला पोरं डोळ्यासमोर गेल्यावर काय होतं ते असं बोलणाऱ्यांना काय कळणार.

बसून राहा. एवढंच सांगायचंय मला.

ड्रेनचंच बघ. बायपास झालेला पेशंट, छातीत नळ्या, दर तासाला बाटलीवर पट्टी चिकटवून आकडा लिहायचा. शंभर, ऐंशी, नव्वद, आणि अचानक दहा. सगळे खूश, ब्लीडिंग थांबलं म्हणून. अगं, मोरी तुंबली की पाणी जायचं बंद होतं, म्हणून काय पाणी संपलं का? नळीत गुठळी, रक्त आत हृदयाभोवती साठतंय. सीव्हीपी, म्हणजे हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब, आठवरून बारा, मग सोळा, लघवी कमी, हात गार, बीपी मात्र अजून बरं दिसतंय, ते सगळ्यात शेवटी धाडकन पडतं. टॅम्पोनाड म्हणतात याला, साठलेल्या रक्ताने हृदय दाबलं जाणं. शेजारी बसलेल्याला हे तास-दीड तास आधी दिसतं, राउंडला येणाऱ्याला बीपी पडल्यावर. ओटीत टाके घालायला कोणीही शिकवेल तुला, हे कोणी शिकवत नाही, हे बसूनच येतं.

माझं काम खरं तर पंप बंद झाला, रक्त परत गोठायला लागावं म्हणून प्रोटामिन दिलं की संपायचं. बाकीचे मशीन आवरून घरी. मी बसायचो आयसीयूत, पहिले काही तास तरी, कोणी सांगितलेलं नसताना, आणि मग परळहून शेवटची लोकल पकडून ठाण्याला. पोरगी अजून ऐकवते, माझे दहावीचे मार्क बाबांना फोनवर कळले. तुझ्या काकूने तर बोलणंच सोडलं होतं काही दिवस. सौदीची नोकरी आली होती, चौपट पगार, नाही गेलो, कारण तिथे शिफ्ट संपली की निघायचं असं साफ सांगितलेलं. आज नौपाड्यातल्या वन-बीएचकेत बसून हे लिहितोय, लोकांना वाटतं याने आयुष्य फुकट घालवलं. वाटू दे. माझं काय चुकलं ते मला कोणी समजावून सांगावं. मी बसलो होतो म्हणून जे रात्रीत परत ओटीत नेले आणि चालत घरी गेले त्यांना विचारा म्हणावं. असो, विषय तुझा होता.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन. आपल्या केईएम हॉस्पिटलचे. १६ फेब्रुवारी १९६८, माणसाचं हृदय माणसाला बसवण्याच्या जगातल्या पहिल्या ऑपरेशनला, बर्नार्डच्या केपटाऊनच्या, तीन महिनेही झाले नव्हते, सेनांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. त्याआधी वर्षानुवर्षं कुत्र्यांवर प्रयोग केलेले. पेशंट साधारण तीन तास जगला. मग आपल्याकडे सगळं थंड, मेंदू मृत झालेल्याचे अवयव घ्यायला परवानगी देणारा ब्रेन डेथचा कायदा १९९४ ला आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एम्सला डॉ. वेणुगोपाल यांनी केलं ते यशस्वी झालं. आणि मुंबईत? २०१५. पुण्याहून हृदय आणून इथे आपल्या मुलुंडला, फोर्टिसमध्ये, डॉ. अन्वय मुळे यांच्या टीमने. म्हणजे केईएमनंतर ४७ वर्षं. कोणी सेनांना फेल म्हटलं की मला राग येतो, तुझ्या बॅचवाल्यांना हे नावही माहीत नसेल याचा त्याहून जास्त येतो.

तुझं वय, लग्नाचं, आईबाबांचं टेन्शन, सीट सोडली तर भरायचे बाँडचे पैसे, यातलं काहीच मला कमी वाटत नाही. युनिटमध्ये तुला मुद्दाम मागे ठेवत असतील तर ते वेगळं, त्यावर सरांशी तोंडावर बोल, लेखी दे, भांड, मी येतो बरोबर लागलं तर. पण ते एक कारण झालं आणि रात्री बसावं लागतं हे दुसरं, दोन्ही एका पिशवीत घालू नकोस. पहिल्यासाठी सीट सोडलीस तर मी तुझ्या बाजूने तुझ्या बाबांशी बोलेन. दुसऱ्यासाठी सोडलीस तर मला कळवूही नकोस.

शुक्रवारी नाइट आहे ना तुझी? मोबाईल ड्रॉवरमध्ये टाक, स्टूल बेडच्या उजव्या हाताला घे, ड्रेन आणि मॉनिटर दोन्ही दिसतील असं. दर पंधरा मिनिटांनी स्वतःच्या हाताने लिही, सिस्टरच्या चार्टवरून उतरवू नकोस. तो कागद घेऊन शनिवारी घरी ये, आधी झोप काढ मग ये, काकू थालीपीठं करणार आहे. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू दे तोवर.

काका