शरीरात यंत्र बसवले तर लुळा हात पुन्हा चालतो का, आणि तोपर्यंत व्यायाम थांबवावा का?

मूठ काही प्रमाणात परत मिळू शकते. परंतु यंत्राच्या आशेवर व्यायाम थांबवणे हा घातक विचार आहे.

केज तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. धाकटा भाऊ उसाच्या ट्रॉलीवरून पडला, मानेच्या मणक्याला मार लागला आणि खांदा, कोपर हलत असूनही बोटे लुळी पडली. थोरल्या चुलत्यांनी परदेशातील यंत्राविषयी ऐकले आणि भावकीसमोर सांगितले की बोटे ताणत बसण्यात अर्थ नाही, दोन एकर विकून चिप बसवू. आईने मात्र त्याचे मनगट व बोटे रोज हलवणे सोडले नाही. चुलते तिला वेडी म्हणत. खरे तर बाजू तिचीच बरोबर होती.

हे यंत्र नवी नस घडवत नाही. इजेच्या खाली जी नस जिवंत उरली आहे, तिला विजेची स्पंदने देऊन ते स्नायू आकुंचित करते; सांधा आखडला असेल किंवा स्नायूकडे जाणारी नसच मेली असेल, तर ती स्पंदने फुकट जातात. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेल्या 'फ्रीहँड' यंत्रात छातीच्या त्वचेखालील उपकरणातून आठ इलेक्ट्रोड (वीज पोहोचवणारी तारांची टोके) हातापर्यंत नेलेले असत आणि रुग्ण दुसऱ्या बाजूचा खांदा हलवून मूठ उघडत-मिटत असे. सांधे मोकळे असलेल्यांनाच त्याचा उपयोग होता. त्याचा लाभ झालेले रुग्ण होते, तरीही २००१ मध्ये कंपनीने ते विकणे थांबवले. म्हणून जमीन विकण्याआधी, उद्या बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करणार, हे लेखी विचारा.

पायांचेही तसेच आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०१८ मध्ये मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून काही रुग्णांना आधाराने चालवले, तेही अनेक महिन्यांच्या सरावासह.

मेंदूच्या झटक्याने येणाऱ्या अर्धांगवायूची गोष्ट निराळी आहे. त्यासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले व्हेगस नसेचे (मेंदूतून मानेवाटे खाली जाणाऱ्या नसेचे) यंत्र हाताचा व्यायाम चालू असतानाच स्पंदने देते, म्हणजे तेथेही व्यायाम सुटत नाही. तुमचा रुग्ण यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हे नसांची तपासणी केल्यावरच ठरेल.

तुमच्या घरातही कोणी चुलते असाच हट्ट धरून बसले असतील, तर त्यांना सांगा की हातातला पैसा आधी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर, बोटे सरळ ठेवणाऱ्या स्प्लिंटवर आणि पाठीला जखमा होऊ न देणाऱ्या हवेच्या गादीवर खर्च करा.