आरडीवर साडेसहा टक्के व्याज, मग 60,000 वर 3,900 ऐवजी 2,143 च कसे? आणि कर किती?

तुम्ही विचारलेल्या आरडीचे, म्हणजे दरमहा हप्ता भरायच्या आवर्ती ठेवीचे, आकडे असे: 1 जुलै 2024 पासून दरमहा 5,000 चे बारा हप्ते, दर 6.5 टक्के, मुदतीनंतर हाती 62,143. तुम्ही 63,900 धरून बसला होतात. बँकेने काही खाल्लेलं नाही.

हेच भांडण मी नागपुरात बर्डीवरच्या एका बँकेत करून आलोय. मे महिन्यातली दुपार, कूलर नुसताच घरघरत होता आणि काउंटरवर माझा आवाज चढलेला. आतले काका चिडले नाहीत. पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीमागे त्यांनी एकाखाली एक आकडे लिहिले, 12, 11, 10, असे थेट 1 पर्यंत. खाली रेघ ओढून बेरीज, 78. "पहिला हप्ता बारा महिने राहिला, शेवटचा एकच महिना. त्याला वर्षाचं व्याज कसं देऊ भाऊ?" मागे रांगेतली माणसं हसली. मी स्लिप खिशात घालून गुपचूप बाहेर.

म्हणजे 5,000 रुपये 78 महिने ठेवल्यासारखा हिशोब. 5,000 × 78 × 6.5 ÷ 1200 = 2,112.50. वरचे तीसेक रुपये तिमाही चक्रवाढीचे. वर्षाच्या आरडीला 78 हा आकडा पाठच करून ठेवा, दोन वर्षांची असेल तर 300.

बचत खात्यातही हेच, फक्त महिन्याऐवजी दिवस. शिल्लक × दर × दिवस ÷ 36,500. 40,000 वीस दिवस राहिले आणि दर अडीच टक्के असला, तर साधारण 55 रुपये. 1 एप्रिल 2010 पासून व्याज रोजच्या शिलकीवर मिळतं. त्याआधी 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरायचे, म्हणून जुनी माणसं अजूनही 10 तारखेच्या आत पैसे भरायला धावतात. आता त्याची गरज नाही, पण सवय जात नाही.

आता कर. टीडीएस (बँक व्याजातूनच आधी कापून घेते तो कर) कापला नाही म्हणजे कर नाही, हा समज आधी काढून टाका. आरडीचं व्याज 1 जून 2015 पासून टीडीएसच्या कक्षेत आहे, पण एप्रिल 2025 पासून एका बँकेतलं वर्षाचं व्याज 50,000 च्या वर गेलं तरच कापतात (ज्येष्ठांना 1 लाख). तुमचे 2,143 तिथवर पोचतही नाहीत. तरी ते तुमच्या उत्पन्नात धरायचेच. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह 446 रुपये.

प्राप्तिकरातल्या 80टीटीए कलमाची 10,000 ची वजावट इथे चालत नाही. ती फक्त बचत खात्याच्या व्याजाला, तीही जुन्या करप्रणालीत. साठीच्या पुढच्यांना जुन्या प्रणालीत 80टीटीबीखाली 50,000 पर्यंत मिळते, त्यात आरडीही येते. 2025-26 साठी नवी प्रणाली घेतली आणि एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असलं, तर पगार-व्याजाच्या उत्पन्नावर करच शून्य.

तुमच्या बाबतीत एक गुंता आहे. आरडी दोन आर्थिक वर्षांत पसरली. 31 मार्च 2025 पर्यंत चढलेलं सव्वाबाराशेच्या आसपास व्याज 2024-25 चं, उरलेलं 2025-26 चं. मुदतीला एकदम दाखवायची पद्धतही चालते, पण मग दरवर्षी तीच ठेवावी लागते. मी वर्षवार दाखवतो, एआयएसशी (प्राप्तिकर खात्याकडची आपल्या उत्पन्नाची वार्षिक नोंद) ताळमेळ बसवायला सोपं जातं.

घरात आई-वडिलांच्या ठेवी असतील तर एप्रिलमध्येच बँकेला कर लागत नसल्याच्या घोषणेचा फॉर्म (2025-26 पर्यंत ज्येष्ठांसाठी 15एच) देऊन टाका. आमच्याकडे एका वर्षी राहून गेला. आईला कर लागतच नव्हता, तरी बँकेने टीडीएस कापला आणि तेवढ्याशा रकमेसाठी तिचं रिटर्न भरावं लागलं. परतावा आल्यावर तिने पहिलं विचारलं, "यावर पण व्याज धरायचं का रे?"